किती टक्के आलं?

प्रबंध जमा करायचे दिवस आले की विद्यापीठाच्या आवारात हा एकच प्रश्न कानावर येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधाचं इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हे नियम झाले तेव्हा चॅटजीपीटी नव्हतं. ते आलं नोव्हेंबर २०२२मध्ये. आता दुसऱ्याचा परिच्छेद त्यात टाकला की शब्द बदलून मिळतो, टक्केवारी घसरते आणि मार्गदर्शकही खूश! पण ज्याचा विचार घेतला त्याचं नाव तळटीपेत नसेल, तर ती चोरीच.

त्याहून घातक प्रकार चॅटजीपीटीने रचून दिलेल्या बनावट संदर्भांचा. लेखक, नियतकालिक, वर्ष, पृष्ठक्रमांक सगळं जिथल्या तिथे. फक्त तो लेख कुणी कधी लिहिलेलाच नसतो. असेच न घडलेले खटले न्यूयॉर्कच्या वकिलांनी न्यायालयापुढे ठेवले आणि २०२३मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला.

मराठीतून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्याला भाषा सफाईदार करायला चॅटजीपीटीसारखी साधनं मोठा आधार आहेत. जरूर वापरा. मूळ लेख मात्र स्वतः उघडून वाचा, टिपणं स्वतः काढा. आमच्या नियतकालिकाकडे लेख पाठवताना कोणतं साधन कशासाठी वापरलं, ते शेवटी दोन ओळींत लिहा. संदर्भ आम्ही तपासतो. सापडला नाही तर लेख परत येईल.