विश्लेषण : तळाचा संघ स्टॅन्ले चषक कसा जिंकला?

३ जानेवारी २०१९ रोजी उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगच्या ३१ संघांत सेंट लुईस ब्लूज शेवटच्या स्थानी होता. १२ जूनला याच संघाने स्टॅन्ले चषक उंचावला.

बदलले काय?
नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक माइक यो यांना हटवून क्रेग बेरुबी यांच्याकडे हंगामी सूत्रे गेली. पण निकाल लगेच बदलले नाहीत. ७ जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन प्रथमच सुरुवातीपासून गोलरक्षणाला उतरला, एकही गोल न देता जिंकला. पुढे संघाने सलग ११ सामने जिंकले.

वेळ कुठून मिळाला?
त्या हंगामात साखळीत ८२ सामने होते. ब्लूजचे तेव्हा ३७ झाले होते. उरलेल्या ४५ पैकी त्यांनी ३० जिंकले. बाद फेरीतही प्रत्येक लढत सातपैकी चार विजयांची. सॅन होजेविरुद्ध हाताने दिलेला पास पंचांच्या नजरेतून सुटला, त्यावर गोल झाला आणि सामना गेला. नियमांत फेरतपासणीची सोयच नव्हती. ब्लूजने पुढचे तिन्ही सामने जिंकले. अंतिम फेरीत बोस्टनला सातव्या सामन्यात ४-१ असे हरवून ५२ वर्षांत पहिल्यांदा चषक मिळवला.

लीगने त्याच महिन्यात फेरतपासणीचा नियम सुधारला, हे योग्यच. प्रत्येक संघाला सावरायला पुढचे तीन सामने मिळतीलच असे नाही. लांबलचक हंगाम संघाच्या चुका पोटात घालतो. पंचांच्या चुकांचा भार मात्र खेळाडूंवर टाकू नये.