अर्ज दाखल, दखल कधी?

रिसोडच्या शाळेत मी दाखलखारीज रजिस्टर सांभाळलं. पोर आलं की दाखल, गेलं की खारीज. जाताना हातात शाळा सोडल्याचा दाखला. दाखल, दाखला, दखल, बेदखल, झालंच तर 'उदाहरणादाखल'. या साऱ्यांचं अरबी मूळ एकच : द-ख-ल, म्हणजे आत शिरणं. फारसी दरबारातून आलेल्या या गोतावळ्यावरच आपली कचेरी चालते.

आता निवृत्तीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फॉर्म भरून देतो. जून उजाडला की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लागतात. अर्ज दाखल झाल्याची पावती हातोहात मिळते. पुढे मात्र 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या'. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून आमचा वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वाटलं होतं, कचेरी जवळ आली.

2015च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत बांधून दिली आहे. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं. अपीलही करता येतं. मग अर्ज घेतानाच मुदतीची तारीख माणसाला समजावून सांगा. ती उलटली तर अपिलाचा फॉर्म त्याच खिडकीवर द्या. कागद दाखल करून घ्यायला शिक्का पुरतो. साहेबांना पगार मिळतो तो दखल घेण्याचा.