भाषेचा मान आणि भाषेचा अधिकार

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या आनंदात आम्हीही सहभागी होतो. परंतु आपल्या जमिनीच्या दाव्यासाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात येणाऱ्या शेतकऱ्याला आपला वकील काय बोलला हे आजही त्या वकिलालाच विचारावे लागते. भाषा अभिजात ठरली, पण तिचा भाषक न्यायासनासमोर मुकाच राहिला.

काही भाषा अंगच्या सामर्थ्याने मोठ्या होतात आणि उरलेल्या दुबळेपणामुळे मागे पडतात, असा समज आपल्या सुशिक्षितांत खोल रुजलेला आहे. फारसीचे उदाहरण पाहावे. कित्येक शतके या देशातील दरबार आणि दफ्तरे ती चालवीत होती. कंपनी सरकारने १८३७ साली कायदा करून न्यायालयांतील व महसुली कामातील तिची सक्ती काढून घेतली. १८४४ साली हार्डिंजने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम दिला. सादी आणि हाफिज यांचे काव्य त्या सात वर्षांत निकृष्ट झाले नव्हते. फारसीवर पोट भरण्याची सोय तेवढी संपली होती. मुनशींची मुले इंग्रजी शाळेत गेली, यात नवल ते काय?

मग भाषेचे भवितव्य केवळ राज्यकर्त्यांच्या हाती असते काय? इंडोनेशियाचा अनुभव निराळा आहे. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात जमलेल्या तरुणांनी एकतेची भाषा म्हणून मलयचा स्वीकार केला आणि तिला ‘इंडोनेशियाची भाषा’ असे नाव दिले. संख्येने जावानी भाषक कितीतरी अधिक, त्यांचे साहित्यही समृद्ध. परंतु जावानीत वरिष्ठाशी बोलण्याचे शब्द वेगळे आणि कनिष्ठाशी बोलण्याचे वेगळे. तोंड उघडताच माणसाची पायरी ठरावी अशी ती रचना. मलय ही बंदरांतील, बाजारातील भाषा. कुणा एका प्रबळ समाजाची मिरासदारी तिच्यावर नव्हती. १९४२ नंतर जपानी अंमलात डच भाषेवर बंदी आली, त्याचाही मलयला हातभार लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४५ च्या राज्यघटनेने तिला राज्यभाषा केले. आज त्या देशाचे शिक्षण, न्यायदान आणि कारभार तिच्यातून चालतो.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. मराठी राज्याच्या स्थापनेला सहा दशके उलटून गेली. तरी गिरणीत राबलेल्या बापाला किंवा धुणीभांडी करणाऱ्या आईला मुलासाठी इंग्रजी शाळाच गाठावीशी वाटते. त्यांना भाषाद्रोही म्हणून हिणवणारे वक्ते आम्ही पुष्कळ ऐकले. त्यांतील अनेकांची नातवंडे कोणत्या शाळेत जातात हेही आम्हांस ठाऊक आहे. त्या आईबापांचा हिशेब चुकलेला नाही. वरच्या जागेची किल्ली जिथे दिसते तिथे ते मुलाला पाठवितात. म्हणून कार्यकर्त्यांनी जाब मागावयाचा तो या पालकांकडे नव्हे, ती किल्ली ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे.

घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपालांना उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याच्या भाषेचा वापर अधिकृत करता येतो. आपल्या खालच्या न्यायालयांत मराठीला जागा आहे. वरच्या पायरीवर तिला अडवले जाते. कायद्याची परिभाषा अपुरी आहे, न्यायमूर्ती परप्रांतीय असतात, या सबबी आम्हांस परिचित आहेत. अडचणी खोट्या नाहीत. पण वापराविना परिभाषा घडत नाही आणि दुभाष्याची व्यवस्था काही अशक्य नव्हे. राज्य सरकारने हा प्रस्ताव पाठवावा, यासाठी प्रत्येक तालुक्यातून ठराव गेले पाहिजेत. हिंदीसाठी अशी अनुमती राजस्थानने १९५० साली मिळविली, उत्तर प्रदेशाने १९६९ साली, मध्य प्रदेशाने १९७१ साली आणि बिहारने १९७२ साली.