मकबऱ्याला नक्कल म्हणू नये

नरसी नामदेव, हिंगोली या भागातल्या शाळांची सहल छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) निघाली, की बीबी का मकबरा पाहणे ठरलेलेच असते. बसमधून उतरताच कोणीतरी म्हणतो, "ही ताजमहालाची नक्कल!" मग मुले घुमटाकडे एकदा पाहतात, डबा खातात आणि बसमध्ये येऊन बसतात. मला हे पटत नाही.

हा मकबरा औरंगजेबाची बेगम दिलरसबानू हिचा. ती १६५७ साली वारली. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय या दोन कारागिरांची नावे आहेत. ताजमहालाचे वास्तुशिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी हे अताउल्लाचे वडील. मुलाने वडिलांची कला पुढे चालवली, तर तिला नक्कल म्हणायचे काय? सुताराच्या, कुंभाराच्या घरी हेच चालते. शिवाय अताउल्ला केवळ इमारती बांधणारा नव्हता. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथाचे त्याने फारसीत भाषांतर केले होते. गणिताचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

पैसा मात्र कमी होता. एका जुन्या इतिहासात या बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. म्हणून भिंतींच्या खालच्या भागाला आणि घुमटालाच संगमरवर मिळाला. मधला भाग आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचा. त्यावर कारागिरांनी चुन्याचा बारीक गिलावा केला, तो घोटून गुळगुळीत केला आणि त्यात वेलबुट्टी उठवली. लोक याला उणेपणा मानतात. मला तर खरी करामत इथेच दिसते. महाग दगड सुंदर दिसतोच. चुना सुंदर दिसायला हात लागतो.

आणखी एक गोष्ट. ताजमहालात वर दिसतात त्या केवळ कबरींच्या प्रतिकृती. खऱ्या कबरी तळघरात आहेत. इथे जमिनीलाच अष्टकोनी मोकळी जागा ठेवली आहे. कठड्याशी उभे राहून खाली पाहिले, की संगमरवरी जाळीच्या आत खरी कबर दिसते.

नक्कल म्हटले, की जपण्याची इच्छाही उरत नाही. मग कोणी खिळ्याने भिंतीवर आपले नाव कोरतो. पुरातत्त्व खात्याच्या कायद्याने हा गुन्हा आहे. खरवडलेली वेलबुट्टी नव्याने करता येईलही, पण ती त्या कारागिरांच्या हातची नसेल. पुढच्या सहलीत शिक्षकांनी तासभर तरी तिथे थांबावे आणि संगमरवर कुठे संपतो, चुना कुठे सुरू होतो, हे मुलांना शोधायला सांगावे. डबा नंतरही खाता येतो.