विधी सेवा पॅनेलवरील वकिलांची थकीत फी अदा करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण

विषय : मोफत विधी साहाय्याच्या प्रकरणांतील पॅनेल वकिलांची थकीत देयके तातडीने मंजूर करून अदा करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे वकील आपल्या प्राधिकरणाच्या पॅनेलवर असून जिल्हा व तालुका न्यायालयांत काम पाहतो. निकाली निघालेल्या प्रकरणांची आमची बिले आपल्या कार्यालयात पडून आहेत. काही तर मागील आर्थिक वर्षातली आहेत. चौकशीला गेलो की ‘अनुदान आलेले नाही’ एवढेच तोंडी उत्तर मिळते.

ही फी म्हणजे मेहेरबानी नव्हे. घटनेच्या 39-अ कलमाने मोफत कायदेशीर मदतीची जबाबदारी राज्यावर टाकली आणि 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्यासाठी यंत्रणा उभी केली. त्याआधीच, 1978 मध्ये, एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरजू कैद्याला वकील द्यावा असे सांगितले, आणि त्या वकिलाला न्यायालय ठरवील ती वाजवी रक्कम राज्याने द्यावी, हेही त्याच निकालात सांगितले. पक्षकाराला मोफत म्हणजे वकिलाने फुकट राबावे, असा अर्थ कुठल्याही कायद्यात नाही.

खासगी पक्षकाराने फी थकवली तर त्याच्याशी बोलता येते. इथे पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, आणि हा नियम योग्यच आहे. तुरुंगातल्या मुलासाठी धावपळ करणाऱ्या आईकडे किंवा पोटगी मागणाऱ्या बाईकडे आम्ही पैसे मागणार नाही. फी थकली म्हणून वकिलाला कागदपत्रे अडवता येत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवून दिले आहे. टायपिंग, झेरॉक्स, नकला आणि एसटीचा खर्च मात्र आम्ही आधीच खिशातून केलेला असतो. पॅनेलवर नव्याने आलेल्या वकिलांना हा भार सोसत नाही. ते पॅनेल सोडतात आणि त्याचा फटका गरीब पक्षकाराला बसतो.

बिले परत येण्याची तऱ्हाही आपल्या निदर्शनास आणणे भाग आहे. लोकअदालतीत तडजोडीने मिटलेल्या एका दाव्याचे बिल ‘निकालाची प्रमाणित प्रत जोडावी’ या शेऱ्यासह परत आले. तडजोड झाल्यावर निकालपत्र येणार कुठून? तिथे असतो तो निवाडा, आणि तो बिलाला जोडलेलाच होता. पुन्हा दाखल केल्यावर नेमणूक आदेशाची प्रत मागितली गेली. तो आदेश आपल्याच कार्यालयाने काढलेला आहे.

2022 च्या योजनेनुसार फौजदारी प्रकरणे पूर्णवेळ बचाव वकिलांकडे सोपवली जात आहेत. त्या व्यवस्थेला आमचा विरोध नाही. मात्र साक्षी-उलटतपासणीपर्यंत आम्ही चालवून दुसऱ्याच्या हाती दिलेल्या प्रकरणांत अंतिम निकाल आमच्या नावावर नसतो, म्हणून आमचे बिलच होत नाही. झालेल्या टप्प्यापर्यंतची फी मिळाली पाहिजे, हा आमचा ठाम आग्रह आहे.

तरी सर्व प्रलंबित बिलांची आवक क्रमांकासह यादी नोटीस बोर्डावर लावावी. त्रुटी काढायच्या असतील तर त्या सर्व एकाच वेळी, लेखी कळवाव्यात. निर्दोष बिलांची रक्कम तीस दिवसांत थेट बँक खात्यात जमा व्हावी. अनुदान खरोखरच अपुरे असेल तर राज्य प्राधिकरणाकडे केलेल्या मागणीपत्राची प्रत आम्हाला द्यावी. त्या पाठपुराव्यात आम्हीही आपल्यासोबत येऊ.

या विषयावर चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावा व निवेदनावर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. दरम्यान नेमून दिलेल्या प्रत्येक प्रकरणात आम्ही तारखेला हजर राहू. आमच्या थकबाकीपायी कोणाचाही जामीन अर्ज किंवा पोटगीचा दावा रेंगाळू देणार नाही.

आपले विश्वासू,
पॅनेलवरील वकील
(सह्या)

सोबत : थकीत देयकांचा तपशील
प्रत माहितीसाठी : मा. सदस्य सचिव, राज्य विधी सेवा प्राधिकरण