भोंगा थांबल्यावर जमीन कोणाची?

आपल्या हैदराबाद शहरात चौकांना आणि बसथांब्यांना कारखान्यांची नावे आहेत. आर.टी.सी. क्रॉस रोडवरून थोडे पुढे गेले की व्ही.एस.टी. लागते, ते वझीर सुलतान तंबाखू कंपनीचे नाव. मियापूरला ऑल्विन चौरस्ता आहे, बालानगरला आय.डी.पी.एल. आहे. ऑल्विनच्या दुमजली बसगाड्या आणि कपाटे आता जुन्या छायाचित्रांत आणि जुन्या घरांत पाहावयाची, आणि आय.डी.पी.एल.ची औषधे दुकानातून केव्हाच नाहीशी झाली. कारखाने गेले, नावे राहिली. आणि नावांच्या मागे राहिली ती जमीन. ह्या जमिनीविषयी चार शब्द लिहावेत असे गेले काही महिने मनात होते.

त्याला कारणही तसेच घडले. तेलंगण सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये शहरातील औद्योगिक जमिनींच्या रूपांतराचे एक धोरण जाहीर केले. बालानगर, सनतनगर, जीडीमेटला, काटेदान, उप्पल, नाचारम, मौला अली अशा २२ औद्योगिक वसाहतींमधील सुमारे ९,२९२ एकर जमीन त्यात येते. आजवर ह्या जमिनीवर फक्त कारखानाच उभारता येत असे. आता प्लॉटधारकाने अर्ज करावा, सरकारी नोंदणी-दराच्या ३० ते ५० टक्के इतके शुल्क भरावे, आणि तेथे घरे, कचेऱ्या, दुकाने, दवाखाने, शाळा, जे हवे ते उभारावे. प्रदूषण करणारे उद्योग बाह्य वर्तुळमार्गाच्या पलीकडे जातील आणि शहराच्या पोटात नवी मिश्र वस्ती उभी राहील, अशी त्यामागची कल्पना आहे. विरोधी पक्षाने ह्या व्यवहाराला घोटाळा म्हटले, सरकारने तो आरोप नाकारला. त्या वादात मला शिरावयाचे नाही. माझा प्रश्न निराळा आहे आणि तो कोणत्याही पक्षाचे सरकार असले तरी विचारावाच लागेल. भोंगा थांबल्यावर कारखान्याची जमीन कोणाची?

वर्गात हा विषय काढला की हटकून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्याच्या नावावर जमीन त्याची. त्याने तेथे काहीही करावे. दुसरा म्हणतो, कामगारांची. मला वाटते, अशा जमिनीला तीन वाटेकरी असतात. पहिला कागदावरचा धारक. दुसरा, ज्याने तेथे वीस-तीस वर्षे पाळी केली तो कामगार. आणि तिसरे ते शहर, ज्याने ही जमीन उद्योग चालावा, लोकांना काम मिळावे म्हणून स्वस्तात दिली.

हा तिसरा वाटेकरी भावनेपोटी उभा केलेला नाही. आझमाबादची औद्योगिक वसाहत निजामी राजवटीत वसली. तेथली जमीन सरकारी मालकीची, कारखान्यांना दिली ती भाडेपट्ट्याने. त्या पट्ट्यांचे काय करावयाचे हे ठरविण्यासाठी आंध्र प्रदेश विधिमंडळाला १९९२ साली खास कायदा करावा लागला. पुढे राज्याच्या औद्योगिक महामंडळाने ज्या वसाहती वसविल्या, तेथेही जमीन बाजारभावाने विकलेली नव्हती. 'येथे कारखाना चालवा' ही त्या सवलतीमागची अट होती. अट सुटली तर सवलतीचाही हिशेब व्हावयास नको का?

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनाही हा प्रश्न परका वाटू नये. जुन्या हैदराबाद संस्थानात तिन्ही भाषांच्या मुलखांत कापडगिरण्या होत्या. वारंगळला आझम जाही, कलबुर्गीला, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्ग्याला, महबूब शाही, नांदेडला उस्मान शाही. तिन्ही बंद पडल्या. तेलुगू, कन्नड आणि मराठी कामगारांचे नशीब ह्या बाबतीत तरी एकच निघाले. वारंगळच्या गिरणीची जमीन नगरविकास खात्याकडे गेली, तिचे प्लॉट पडले आणि विकले गेले. ज्या गिरणीने त्या शहराला तिच्या भोंग्यावर घड्याळ लावावयास शिकविले, तिच्या खुणा आता शोधाव्या लागतात.

परंतु ह्या प्रश्नाचा सर्वांत मोठा धडा मिळतो तो मुंबईत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. ह्या कामगारांत कोकणातले आणि घाटावरचे लोक होते, तसे तेलंगणातून गेलेले पद्मशालीही होते. संप रीतसर मिटलाच नाही, आणि एकेक गिरणी बंद होत गेली. मागे उरली मुंबईच्या ऐन मध्यावरची सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ साली महाराष्ट्र सरकारने विकास नियंत्रण नियमावलीत ५८ व्या क्रमांकाचा नियम घातला. गिरणीच्या आकारमानाप्रमाणे थोडा फरक असे, पण ढोबळमानाने जमिनीचे तीन वाटे करावयाचे होते. एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला सामान्यांच्या आणि कामगारांच्या घरांसाठी, आणि एक मालकाला. मी वर तीन वाटेकरी म्हटले ते ह्या नियमाने कायद्यातच आणले होते. सबंध गिरणगावाचा एकत्र विचार करावा म्हणून १९९६ साली वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आराखडाही दिला.

मग बिघडले कोठे? २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी करावयाची ती गिरणीच्या सगळ्या जमिनीची नव्हे, तर जी आधीपासून मोकळी आहे तेवढीचीच, असा तिचा अर्थ. वरवर पाहता किरकोळ बदल! पण गिरणी म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला ह्यातली मेख ताबडतोब कळेल. गिरणीच्या आवाराचा बहुतेक भाग साच्यांच्या आणि मागांच्या शेडखाली असतो. समजा, १० एकरांच्या आवारात ९ एकर शेड आहे. तर वाटणी उरली १ एकराची, आणि शेड पाडून मोकळे झालेले ९ एकर वाटणीबाहेर. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. २००५ साली तेथे निकाल शहराच्या बाजूने लागला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मुंबईचे शेकडो एकर कोणी दरोडा घालून नेले नाहीत. 'मोकळी जमीन' ह्या दोन शब्दांच्या व्याख्येने नेले.

त्यानंतर जे उभे राहिले त्याला मिश्र वस्तीच म्हणतात. लोअर परळला कचेऱ्या आहेत, दुकाने आहेत, उपाहारगृहे आहेत, उंच इमारतींत घरे आहेत. पण रस्ते राहिले गिरणीच्या काळचे, आणि रेल्वेचे जिनेही तेच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. ती गर्दी गिरण्यांच्या जागी झालेल्या कचेऱ्यांकडे निघालेल्या नोकरदारांची होती. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जण दगावले. आणि कामगार? त्यांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ साली, ६,९२५ घरांची. अर्जदार दीड लाखाच्या वर. संपाला ४३ वर्षे झाल्यावर, जुलै २०२५ मध्ये, गिरणी कामगार आणि त्यांचे वारस पुन्हा आझाद मैदानावर जमले, कारण त्यांना देऊ केलेली घरे शेलू-वांगणीला होती. ज्याने परळला आयुष्य घालविले त्याचे घर कर्जतच्या वाटेवर!

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. मिश्र वस्तीला माझा मुळीच विरोध नाही. किंबहुना, ती काही परदेशातून आलेली नवी कल्पना आहे असेही मला वाटत नाही. जुने गिरणगाव मिश्र वस्तीच होते. गिरणी, चाळ, खानावळ, बाजार, व्यायामशाळा, शाळा आणि भजनी मंडळ, सारे चालण्याच्या अंतरावर. आपल्या सनतनगरातही कारखान्यांच्या जवळच कामगारांची घरे आणि कामगार विम्याचे इस्पितळ आहे. मग नव्या आणि जुन्या मिश्र वस्तीत फरक कोणता? जुनीत काम आणि काम करणारा माणूस दोघेही होते. नवीत वापर मिश्र होतात, माणसे मात्र निवडून घेतली जातात. दुकान, कचेरी आणि सदनिका एकत्र आल्या म्हणून वस्ती मिश्र होत नाही. त्या दुकानात काम करणारा मुलगा त्याच वस्तीत भाड्याने राहू शकतो का, ही तिची खरी परीक्षा आहे.

कोणी म्हणेल, हैदराबादेत सरकार शुल्क घेणार आहे, तेवढा शहराचा वाटा पुरे नाही का? मला तो पुरेसा वाटत नाही. पैसा तिजोरीत जातो आणि त्या वर्षीच्या खर्चात विरघळतो. जमीन तशी विरघळत नाही. आज शहराच्या मध्यावर दोन एकर राखून ठेवले तर पन्नास वर्षांनीही तेथे बाग किंवा शाळा राहील. पण आज घेतलेल्या शुल्कातून पन्नास वर्षांनी तेथे एक गुंठाही विकत घेता येणार नाही. म्हणून शहराचा आणि कामगाराचा वाटा जमिनीतच हवा, आणि तो शेड पाडण्यापूर्वी ठरावयास हवा. आधी वाटा, मग आराखडा. मुंबईत हा क्रम उलटला.

दुसरा मुद्दा मातीचा. काटेदानच्या औद्योगिक भागातील मातीत शिसे, क्रोमियम, जस्त असे जड धातू आढळल्याचे आपल्याच शहरातील राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. पाटणचेरूच्या नाक्कावागू ओढ्याचे प्रकरण तर १९९० साली थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. कारखाना हलविला की धूर थांबतो, पण मातीत मुरलेले विष ट्रकमध्ये घालून नव्या जागी जात नाही. ज्या जमिनीवर तीस वर्षे रसायने सांडली तेथे उद्या बालवाडी निघणार असेल, तर मातीची तपासणी आणि तिचा जाहीर अहवाल ही परवानगीची पहिली अट असली पाहिजे. सफाईचा खर्च ज्याने माती बिघडविली त्याने द्यावा. सदनिका घेणाऱ्या मध्यमवर्गीयाच्या गळ्यात तो पडू नये.

तिसरा मुद्दा कामाचा. ह्या सर्व वसाहती ओसाड नाहीत. काही कारखाने बंद आहेत, काही रखडत चालले आहेत, काही उत्तम चालू आहेत. बालानगरच्या गल्ल्यांत आजही लेथ फिरतात. तेथला टर्नर आणि फिटर घर भागवून चार पोरांना हातांतली कला शिकवितो. आणि मोठे कारखाने तर विद्यापीठेच होती. आय.डी.पी.एल. बंद पडले, पण तेथे काम केलेल्या डॉ. अंजी रेड्डींनी १९८४ साली स्वतःची औषध कंपनी काढली, आणि हैदराबाद औषधांची राजधानी झाले. जमिनीचा भाव पाहून चालू कारखाना बंद करण्याचा मोह जर धोरणानेच निर्माण केला, तर आपण उद्याच्या अंजी रेड्डीची शाळा मोडून तेथे मॉल बांधू. नव्या मिश्र वस्तीत स्वच्छ लघुउद्योगांना, कार्यशाळांना भाड्याच्या जागा राखून ठेवल्या तर 'मिश्र' ह्या शब्दाला काही अर्थ येईल.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. कित्येक लघुउद्योजक कर्जाने पिचलेले आहेत. शहर त्यांच्या भोवती वाढत आले आणि आता शेजारीच त्यांच्या धुराची तक्रार करतात. त्यांना जमिनीची किंमत मिळू नये असे मी म्हणणार नाही. परंतु परवानगी प्लॉटधारकाच्या एकेका अर्जावर सुटली, तर रस्ता, पाणी, सांडपाणी आणि शाळा ह्यांचा विचार कोणीच करणार नाही. कारण तो कोणत्याच एका अर्जात बसत नाही. जर्मनीतील एसेन शहरात झोल्फरआइन ही कोळशाची खाण १९८६ साली बंद पडली. तेथल्या राज्य सरकारने सबंध आवार आपल्याकडे घेतले आणि घाई न करता त्याचे संग्रहालय, कलाशाळा, कार्यशाळा केल्या. २००१ साली ते जागतिक वारसा ठरले. आपल्याला तेवढा पैसा परवडणार नाही हे खरे. पण सबंध वसाहतीचा एकच आराखडा करावयाला आणि तो लोकांपुढे ठेवावयाला पैशापेक्षा इच्छा अधिक लागते.

विद्यार्थी मित्रांनो, ह्यात आपण काय करणार, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. एक काम आपल्या हातचे आहे. मुंबईत कामगारांना आपण त्या गिरणीत होतो हे सिद्ध करता करता वर्षे लागली. हैदराबादच्या बंद कारखान्यांतील कायम कामगारांची नोंद कोठेतरी असेल, पण कंत्राटी कामगारांची, हातगाडीवाल्यांची, डबे पोचविणाऱ्या बायांची नोंद कोण ठेवणार? अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या वर्गांनी एक एक वसाहत वाटून घ्यावी, कोण कोठे, किती वर्षे, कशावर काम करीत होते हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. मराठी, कन्नड आणि तेलुगू जाणणारी मुले एका बाकावर बसतात असे आपले महाविद्यालय ह्या कामाला अत्यंत सोयीचे आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाताशी आहे. मातीचे अहवाल आणि रूपांतराचे अर्ज मागविता येतात. पुढच्या अंकात ह्या विषयावर मतांऐवजी अशा नोंदींचीच पाने यावीत. वाटणीच्या वेळी वाटेकऱ्यांची यादी तयार असली तर निदान 'आम्हांला कोणी सांगितलेच नाही' असे कोणाला म्हणता येणार नाही.