युक्रेनला मिळाली ती मदत, की व्यवहार?

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हाइट हाऊसमध्ये, कॅमेऱ्यांसमोर, अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी युक्रेनच्या झेलेन्स्कींना विचारले की तुम्ही एकदा तरी आभार मानलेत का? त्यानंतर तीन दिवसांत अमेरिकेने शस्त्रांचा पुरवठा थांबवला. ११ मार्चला जेद्दाहच्या बैठकीत युक्रेनने ३० दिवसांच्या युद्धविरामाला होकार दिला, तेव्हा तो पुन्हा सुरू झाला.

वस्त्यांमध्ये काम करताना हे दृश्य मी लहान प्रमाणात अनेकदा पाहिले आहे. धान्याचे किट देणारा फोटो मागतो, आभार मागतो आणि पुढच्या महिन्याचे किट आपल्या हातात ठेवतो. घेणाऱ्याची मान वर होतच नाही.

आधी पैसा कुठे गेला ते पाहू. २०२२ पासून अमेरिकी संसदेने पाच कायद्यांतून सुमारे १७५ अब्ज डॉलर मंजूर केले. (ट्रम्प ३५० अब्ज सांगत राहिले, त्याला आधार नाही.) प्रत्यक्ष लष्करी मदत सुमारे ६७ अब्जांची. शस्त्रे देण्याचे मुख्य मार्ग दोन. एक, राष्ट्राध्यक्ष आपल्या फौजेच्या कोठारातला साठा उचलून देतात आणि मंजूर पैशातून त्या जागी नवा माल बनवला जातो. दुसरा, अमेरिकी कंपन्यांना थेट कंत्राटे दिली जातात. म्हणजे या पैशाचा मोठा भाग अमेरिकेतच खर्च होतो. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनच्या कारखान्यात १५५ मिलिमीटरचे तोफगोळे बनतात, तिथल्या कामगाराचा पगारही याच हिशोबात धरला जातो. युक्रेनला बव्हंशी जुना साठा, अमेरिकी फौजेला नवा.

याचा अर्थ ती शस्त्रे निरुपयोगी होती असा मुळीच नाही. ती नसती तर काय होते, हे अवदीइव्काने दाखवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मागितलेला निधी अमेरिकी प्रतिनिधीगृहात पक्षीय राजकारणात अडकला. युक्रेनी तोफखाना गोळे मोजून वापरू लागला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते शहर रशियाच्या हाती गेले. सुमारे ६१ अब्जांचे विधेयक प्रतिनिधीगृहात मंजूर झाले ते २० एप्रिलला. वॉशिंग्टनमधल्या सहा महिन्यांच्या वादाची किंमत खंदकातल्या माणसांनी मोजली.

जे दिले तेही तुकड्यातुकड्याने. एफ-१६ विमानांना २०२३ मध्ये संमती, पहिली विमाने पोहोचली ऑगस्ट २०२४ मध्ये. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे रशियाच्या हद्दीत वापरायला परवानगी नोव्हेंबर २०२४ मध्ये. अणुयुद्धाची भीती खरी होती, तिला मी कमी लेखत नाही. पण परिणाम असा झाला की युक्रेन हरणार नाही एवढे मिळाले, जिंकेल एवढे मिळाले नाही.

आणि ही मेहेरबानी होती का? ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट करारनाम्यात युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि खुद्द रशियाने त्याच्या सीमांचा आदर करण्याचे आश्वासन दिले होते. ज्याने हत्यार खाली ठेवले, त्यालाच तीस वर्षांनी हत्यारासाठी हात पसरावा लागतो. अण्वस्त्रे सोडा असे यापुढे कोणत्या देशाला कोणत्या तोंडाने सांगणार?

युद्धकाळातली मदत फुकट नसते हे ब्रिटनलाही ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ मध्ये फिटला. पण ब्रिटनचा हिशोब युद्ध संपल्यावर झाला. युक्रेनकडून बॉम्ब पडत असतानाच ३० एप्रिल २०२५ रोजी खनिज करारावर सही घेतली गेली. नव्या खाणपरवान्यांच्या उत्पन्नातला निम्मा हिस्सा संयुक्त निधीत जाणार आणि यापुढची अमेरिकी लष्करी मदत त्या निधीतले अमेरिकेचे भांडवल मानली जाणार. जुन्या मदतीची परतफेड युक्रेनने करारातून वगळून घेतली, हे त्याच्या वाटाघाटी करणाऱ्यांचे यश.

जुलै २०२५ पासून पद्धत आणखी बदलली. आता अमेरिका शस्त्रे विकते, नाटोतले देश पैसे भरतात, माल युक्रेनला जातो. ऑगस्टमध्ये पहिले ५० कोटी युरो नेदरलँड्सने भरले. निदान या व्यवहाराला आता कोणी मदत म्हणत नाही.